एका पायावर भार

शेफील्डच्या आर्ट कॉलेजात, तळघरात,
सत्तावीस ग्रीक उभे आहेत चादरी पांघरून.
दर मंगळवारी मी जाते त्यांची धूळ पुसायला.
फुकट. चहा मिळतो, आणि एक बिस्किट.

पहिल्या दिवशी मिस ऑलरेनशॉने विचारलं,
प्लास्टरचा अनुभव आहे का?
म्हटलं, एकतीस वर्षं.
मनगटं, घोटे, नडग्या, एकदा एका पाद्र्याची मान.
ती हसली नाही. शेळीच्या केसांचा ब्रश हातात दिला.

हा तरुण बघा, ती सांगते, हा फार मोठा शोध.
याच्याआधी पुतळे दोन्ही पायांवर उभे,
कवायतीतल्या शिपायासारखे.
मग कुणीतरी भार टाकला एका पायावर,
दुसरा गुडघा सैल सोडला,
कंबर इकडे कलली, खांदे तिकडे,
आणि दगडाला वाटलं, चला, निघावं आता.
मी मान डोलावते.
डेरिक हॅटर्सली, भट्टीवरचा, कुबडी काखेत धरून
माझ्या दारात अगदी असाच उभा राहायचा.
त्याला कुणी शोध म्हणालं नाही.

या लोकांचं सगळं मापात.
बोटावरून तळवा, तळव्यावरून कोपर,
माणूस म्हणजे शेवटी सुटणारं गणित.
आणि कुणी मापाबाहेर गेलाच
तर देव त्याला कानाला धरून खाली बसवणार.
माझी सांगलीची काकू हे तीन शब्दांत उरकायची:
अति तिथे माती.
मूर्तिकार मात्र मातीपासूनच सुरुवात करतो,
हे काकूला कुणी सांगितलं नव्हतं.

त्यांच्या नाटकांतला राजा, म्हणे, शत्रूमुळे पडत नाही,
स्वतःच्याच स्वभावाला ठेचकाळतो.
तेव्हा मला कीरन आठवतो, वय नऊ.
तीच भिंत, तोच हात, तीन वेळा.
ओल्या पट्ट्या गुंडाळताना हुंदके देत म्हणायचा,
चौथ्यांदा जमेल.
स्वभावाला औषध नाही. प्लास्टर तेवढं आहे.

चेहरे मात्र मला पटत नाहीत.
हा पाहा, बरगडीखाली भाल्याचं भोक,
आणि ओठ असे, जणू फक्त बस चुकली.
हाड मोडलेल्याचं तोंड मी ओळखते हो.
बॉयलरमागे एक म्हातारी आहे,
गळ्याची हाडं वर आलेली, दात दोन,
दारूचा घडा पोटाशी कवटाळून आढ्याकडे बघते.
ही नंतरची, मिस ऑलरेनशॉ म्हणते, उतरत्या काळातली.
तिला मी सगळ्यात शेवटी पुसते. वेळ लावून.

गेल्या मंगळवारी तरुणाला भिंतीपासून सरकवलं
तर त्याला पाठच नाही.
आत गोणपाट, लाकडाच्या पट्ट्या, कोळ्याचं जाळं,
आणि डाव्या खांद्याच्या आतल्या अंगाला
एक अंगठा.
ओल्यात दाबलेला, रेघान् रेघ शाबूत.
कुणा साचेवाल्याचा, शंभरएक वर्षांपूर्वीचा.
नाव नाही. बाहेर तरुणालाही नाव नाही, नुसता नंबर.
आमच्याकडे पोरं सहा आठवड्यांत
अख्खा पाय सह्यांनी भरवायची.

प्लास्टर आळताना गरम होतं.
लोक घाबरायचे, म्हणायचे, भाजतंय.
मी म्हणायची, थांबा, निवेल.
मग करवत लावून उघडायचं,
आतून निघायचा हात: पांढरा, रोडका, आंबूस वासाचा,
आपल्याच बोटांकडे बघून लाजणारा.
इतका बेढब, की कुणी त्याचा साचा काढला नसता.

मी त्या खळग्यात माझा अंगठा ठेवून पाहिला.
त्याचा मोठा होता. थंडगार.
वरून हाक आली, चहा निवतोय.
मी तशीच उभी,
डाव्या पायावर भार टाकून,
कारण उजवा गुडघा हल्ली ऐकत नाही.