एकशे अठ्ठेचाळीस पेनल्टी

घोन्साल्विस मास्तरांच्या सव्वीस वह्या
माथारपाखाडीतल्या त्यांच्या घरून मी टॅक्सीनं आणल्या.
त्यांची बहीण म्हणाली, ने बाई,
वाळवीनं तरी किती वाचायच्या.

गोदी-गिरणी शील्ड, १९६८ ते ९३.
एका सामन्याला एक ओळ: तारीख, संघ, गोल, मिनिट,
कोण पडलं, कोणी पाडलं,
आणि शेवटी शेरा. बहुतेकदा एकच शब्द: "बरा."

मी विमा कंपनीत असते, फोर्टात.
माणसं कितव्या वर्षी मरतात याचा हिशेब करते,
म्हणींवर माझा विश्वास नाही.
एकेकट्या माणसावरही नाही, खरं तर.

रविवारी जेवणाची भांडी तशीच ठेवून बसले.

दोन-शून्यची आघाडी सगळ्यात घातकी,
असं मैदानावरचा प्रत्येक दुसरा माणूस सांगतो
(पहिल्याच्या तोंडात वडा असतो).
मध्यंतराला दोन-शून्य: दोनशे अकरा वेळा.
त्यातून हरले सात.
त्या सातांची गोष्ट अजून चालते.
बाकीचे घरी गेले, जेवले, झोपले. त्यांची कसली गोष्ट?

दहा जण अकरांना भारी पडतात: नाही पडत.
दमतात, आणि शेवटच्या दहा मिनिटांत गोल खातात.

गोदीच्या भिंतीकडचा गोलपोस्ट पनवती:
सव्वीस वर्षांत तिकडे नऊ गोल जास्त.
नऊ गोलांचं भूत, फार तर रांगत असेल.

मग ती म्हण, जिच्यासाठी टॅक्सीचं भाडं भरलं होतं.
ज्याला पाडलं, त्यानं पेनल्टी मारू नये.
माझगावात तिला शेपूट आहे: चुरीला विचारा.

चुरी म्हणजे माझे बाबा.
१९८७, उपांत्य सामना, एक्याऐंशीवं मिनिट.
पडले, उठले, गुडघ्याची माती न झटकता
शहानवाझच्या हातातून चेंडू घेतला
आणि कीपरच्या कुशीत नेऊन दिला.
मी चार वर्षांची होते.
तेव्हापासून न्हाव्याकडे, हळदीला, मयताला जाऊन आल्यावर चहाला:
चुरीला विचारा.

एकूण पेनल्टी एकशे अठ्ठेचाळीस.
पडलेल्यानं मारल्या एक्केचाळीस, आत एकतीस.
दुसऱ्यानं मारल्या एकशे सात, आत ऐंशी.
तीनदा मोजलं.
टक्काभरही फरक नाही,
आणि जो आहे तो पडलेल्याच्या बाजूनं.

कागद घेऊन गेले तेव्हा बाबा गॅलरीत वाल सोलत होते.
चष्मा लावून, आकड्याखाली बोट धरून वाचलं.
म्हणजे नियम खोटा.
खोटा, मी म्हटलं, जरा मोठ्यानंच.
मग मी का चुकलो?

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.
अडतीस वर्षं ते त्या म्हणीला टेकून उभे होते
आणि मी ती, तीनदा मोजून, काढून घेतली होती.

बराच वेळ नुसते वाल सोलले गेले. मीही सोलले.

कीपर कुठं झुकला होता, ते लिहिलंय मास्तरांनी?
नाही. तो रकानाच नाही.
डावीकडे, बाबा म्हणाले. मी मारायच्या आधीच.
दिसलं मला.
दिसलं, आणि पाय तिकडेच गेला.
तुझ्या आईलासुद्धा हे सांगितलं नव्हतं.

रात्री वहीच्या समासात पट्टी धरून
नवा रकाना आखला. वर लिहिलं: दिसलं का.
एकशे अठ्ठेचाळीस घरं.
एक भरलं, पेन्सिलनं.

भास्कर तामोरे हल्ली उरणला असतो म्हणे.
शहानवाझचा फोन लागतो,
उचलत नाही.