डबी क्रमांक एकतीस

मार्चमध्ये तो रात्रीतून चारदा उठायचा,
माठ रिकामा करायचा.
आम्ही म्हटलं, ऊन लागलं पोट्ट्याला.
खिशात कांदा ठेवून शाळेत पाठवला.

ऊन नव्हतं ते.

आता दिवसाला चार सुया, आणि ही गोळी.
पांढरी, गोल, मधोमध रेघ.
आबाजी अशीच घेतात रक्तदाबासाठी, एकोणीस वर्षं,
चहाच्या आधी, न बघता.

सुजातच्या डबीवर नाव नाही. फक्त एकतीस.
आत तेच जुनं औषध असेल, नाहीतर नुसती पिठी.
कोणती, ते डॉक्टर वैरागडेंनाही माहीत नाही.
हे त्यांनी दोनदा सांगितलं,
मी दोनदा मान हलवली.

मी इतवारीत धने-मिरची तोलतो.
झाकलेल्या पारड्यावर सही करायची ही पहिलीच वेळ.
सुजातनंही केली, त्याच सकाळी ठरवलेली,
खाली दोन ठिपके देऊन.

पोटात अजून थोड्या पेशी जाग्या आहेत म्हणे.
त्या किती दिवस टिकतात, एवढंच बघायचं.
या दिवसांना डॉक्टर हनिमून म्हणतात.
सुजात हसला.
त्याच्या आईनं खिडकीकडे पाहिलं.

तीन महिन्यांनी उपाशीपोटी गोड दूध,
मग अर्ध्या-अर्ध्या तासानं रक्त.
नर्स विचारते, शाळा कोणती, बेंचवर कोण बसतं.
तिसऱ्या नळीपर्यंत तो उत्तरं देतो.

आबाजी रात्री पट्टी घेऊन आले.
"माझ्यातल्या दोन दे ना त्याला. माझी तर खरी हाये."
मी नाही म्हटलं.
पण पट्टीतली एक खिशात टाकली,
आणि डबीतली एक.

दुपारी शेजारच्या सराफाकडे गेलो.
त्याच्या काट्यावर आधी ही ठेवली, मग ती.
फरक होता, केसाएवढा.
की कूलरची हवा होती.
पुन्हा ठेवल्या. तेव्हा नव्हता.
सराफानं विचारलं, कोणाचं काय मोडताय?

घरी सुजात डबी उपडी करून बसलेला.
"बाबा, एक कमी आहे.
तिथं परत मोजून घेतात."

कागदाच्या दोन पुड्या होत्या खिशात,
एकीवर पेनानं ३१.
ती काढून दिली.
त्यानं वास घेतला. "धने," म्हणाला,
पाण्याबरोबर गिळली,
आणि वहीत लिहिलं:
घेतली. उशिरा.