भरीचे केस

बटाटे काढून झाले की व्होमहूसच्या बाया निघत.
शेत एवढंसं, खाणारी तोंडं नऊ,
पाइनचं जंगल काही जेवायला घालत नाही.
पाठीवर मधे भोक असलेलं गोल टेबल,
झोळीत शिशाच्या गोळ्या,
आणि परक्या भाषेतले तीनच प्रश्न:
कुणाचे? किती लांब? कधी गेले?

मार्गित त्यांतली. एकोणीस वर्षांची.
केस हातात घेतले की तिला कळायचं:
हा तापातल्या माणसाचा, ठिसूळ.
हा खलाशाचा, मिठाने चरचरीत.
हा जिवंत माणसाचा; प्रेमात असेल, दुसरं काय.

सोड्याच्या पाण्यात उकळायचे,
मोजून पेड करायचे, दर पेडाला एक गोळी,
मग हा उचल, तो टाक, हा उचल.
भोकातून गोफ वीत-वीत खाली उतरतो.
गोळ्या एकमेकींवर टकटकतात.
घरात दुसरा आवाज नसतो.
दुसरा कुणाला नकोही असतो.

हॅम्बुर्गात टीडेमान बाई पुडी घेऊन आल्या.
पुडीत जावळ.
पिवळसर, बोटाच्या पेराएवढं.
"याचं कडं करा. रुंद."

"पुरत नाही" हे मार्गितला जर्मनमध्ये येत होतं,
बाजारात रोजच लागायचं.
पण बाईंनी पुडी टेबलावर ठेवली
आणि हात पुडीवरून काढलाच नाही.

रात्री तिने डोक्याचा रुमाल सोडला.
रंग जवळपास तोच.
मानेमागचे कापले, जिथे दिसत नाही तिथले.
केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच, असं मी आधी लिहिलं होतं.
मग खोडलं.

सोळा पेडांचा पोकळ गोफ, सगळा तिचा.
जावळ आत भरलं.
आता भर कोण कुणाची?

वहीत नोंद: टीडेमान, कडं एक, चार मार्क.
वजनाचा रकाना कोरा.

बाई ते रोज ओठांना लावत,
त्या वर्षी, आणि पुढे एकतीस वर्षं.

मार्गित गेली तेव्हा विहिरीपर्यंत बर्फ होतं.
केस पांढरे, विरळ. बट कुणी काढून ठेवली नाही;
त्या गावात कुणाला केसांचं अप्रूप नव्हतं.

दूर कुठल्याशा खणात
ती अजून एकोणीसचीच आहे,
पिवळी, गच्च विणलेली,
आणि आत एक मूल.