शून्य पूर्णांक सतरा

शून्य पूर्णांक सतरा मिलिमीटर.
भिंगाच्या अंगावरच कोरलंय,
काच एवढीच जाड हवी.
त्याहून जाड असली की सगळं धुरकट,
त्याहून पातळ असली की हातात चुरा.

रास अल खैमाच्या उत्तर टोकाला
समुद्र गोडा करायचा कारखाना आहे,
त्याच्या पाठीमागे आमची खोली.
एक सिंक, एक फ्रिज, दोन मायक्रोस्कोप,
आणि खमीसने पहाटे होडीतून आणलेल्या
सहा बाटल्या, गळ्यात चिठ्ठ्या बांधलेल्या.

ऑगस्टात इथली हवा ओल्या फडक्यासारखी तोंडावर बसते.
एसी बंद पडला की डबीतल्या शंभर कव्हरस्लिपा
जत्रेत हरवू नये म्हणून हात धरलेल्या पोरींसारख्या
एकमेकींना सोडत नाहीत.
मग स्पिरिटात बुडवून, श्वास रोखून
नखाने एकेक सुटी करायची.
मारिसेल विचारते, काच सोडवतेस की कांदा सोलतेस?

कांदाच.
आठवीत, देवरुखच्या शाळेत,
सगळ्या वर्गाला कांद्याचा पापुद्रा बघायचा होता
आणि आच्छादन-काच होती एक.
वर्षभर तीच.
पोंक्षे बाई ती खडूच्या खोक्यात कापसावर ठेवायच्या.
माझ्या बोटांत मोडली. आवाजसुद्धा झाला नाही.
मी मूठ मिटून घेतली
आणि मथुरा घवाळी उभी राहिली,
कारण काच धुवायचं काम तिचं होतं.
तासभर उभी होती. माझी मूठ चुरचुरत होती.

इथे मी दिवसाला चाळीस टाकते
पिवळ्या बादलीत.

नवा मुलगा आलाय, ओवेस, मुरुडचा.
त्याला सांगते, थेंब आधी.
काच तिरकी धर, एक कड थेंबाला टेकव,
पाण्याला आपणहून धावत येऊ दे,
मग सोड. आपटू नकोस.
आपटलीस तर बुडबुडा अडकतो
आणि नवशिके त्यालाच जीव समजतात,
इतका गोल असतो, इतका ठसठशीत काठाचा.
जपून ठेवायची स्लाइड असेल
तर कडा नेलपॉलिशने बंद कर.
बिनरंगी बाटली खणात आहे, माझ्या पैशांची.
नखांना लावायला इथे बंदी.

गुरुवारी चौथ्या बाटलीचं पाणी
उकळून राहिलेल्या चहासारखं होतं.
काचेखाली माळा.
चार-चार, आठ-आठ पेशींच्या, मळक्या सोन्याच्या,
गिरक्या घेत कडेपर्यंत जायच्या
आणि तिथून परत.
मोजल्या. पुन्हा मोजल्या. ओवेसला बसवलं,
त्याचा आकडा माझ्याहून तीनने जास्त.
फोन केला. पलीकडे इद्रिससाहेब काही बोलले नाहीत,
नुसता सुस्कारा,
आणि भिंतीपलीकडचे पंप
एकामागून एक गप्प झाले.

अठरा वर्षांत ही शांतता तिसऱ्यांदा ऐकली.
गावात कुणी डोकं धूत असेल,
कुणी नळाखाली पालक.
टाक्यांत दोन दिवसांचं पाणी होतं,
पंप दीड दिवसाने सुरू झाले.
कुणाला काही कळलं नाही. कळलं असतं
तर आमचंच चुकलं असतं.

आई फोनवर विचारते,
तू नक्की करतेस काय गं तिकडे?
झाकण ठेवते.
कशावर?
थेंबावर.
ती हसते, आणि शेजारी सांगते,
समुद्राच्या कंपनीत आहे, मोठ्या हुद्द्यावर.

डिसेंबरात जायचंय.
मथुराचा नंबर मिळालाय, लावलेला नाही.
बॅगेत कपड्यांच्या मधोमध एक डबी आहे,
न उघडलेली, शंभरची,
दमट होऊ नये म्हणून शेजारी तांदळाची पुरचुंडी.
शाळेसाठी घेतली असं ओवेसला सांगितलं.
तो म्हणाला, एका शाळेला शंभर?