इतर माहिती

शनिवारी शाळेच्या हॉलमध्ये पालकसभा.
प्रोजेक्टर काही केल्या लागेना, तेव्हा खैरनार बाईंनी
फळ्यावर खडूनंच अंजनेरी काढला,
पायथ्याला पाच त्रिकोण, म्हणजे तंबू.
एक रात्र. पाचवी ब.
त्रिकोणांपासून बऱ्याच लांब एक टिंब होतं,
ते काय, हे कुणी विचारलं नाही.
सगळ्यांना कळलं.

मग प्रश्न सुरू झाले.
साप असतात का? असतात, आपल्यापेक्षा लाजाळू.
थंडी किती? इथल्यापेक्षा एक स्वेटर जास्त.
नशिबात असेल तर गिधाडंही दिसतील, बाई म्हणाल्या,
आणि पुढच्या रांगेतली एक आई चटकन म्हणाली, नकोत.
फोन फक्त माझ्याकडे असेल,
त्यालाही रेंज एका उंबराखालीच येते.
फोन आला नाही की समजायचं, मुलं मजेत आहेत.
शेजारचे एक आजोबा हे वाक्य
बिलाच्या पाठीमागे लिहून घेत होते.

यादी फ्रिजवर लावली.
बॅटरी. ताट, वाटी, पेला. कानटोपी.
बूट जुनेच, नवे चावतात.
सुषमानं एकेका मोज्यावर मार्करनं लिहिलं, समता पगारे.
सिव्हिलच्या वॉर्डात बारा वर्षं
बाटल्यांना, हातांना नावं चिकटवतेय ती,
तिच्या हातून मोजा कसा सुटेल?
खाऊ द्यायचा नाही, असं दोनदा बजावलं होतं.
तरी चिवड्याची पुडी निघाली स्वेटरच्या बाहीतून.
ती कुणी ठेवली, यावर आमच्या घरात
अजून एकमत नाही.

बुधवारी रंगीत तालीम,
सिडकोच्या आमच्या गच्चीवर, टाकीच्या आडोशाला.
सतरंजी, दोन ब्लँकेटं.
बॅटरीचा झोत अंबडच्या धुरापर्यंत पोचतो का, हे बघत ती म्हणाली,
बाबा, तिकडे खरा अंधार असेल ना?
असेल.
मग हा कुठला आहे?
मला उत्तर सुचेपर्यंत ती झोपली,
माझ्या डाव्या कानाची पाळी चिमटीत धरून.

हेच तर.
आईची रात्रपाळी लागली तेव्हापासून,
म्हणजे दीड वर्षाची असल्यापासून,
तिला झोपायला कान लागतो. माझाच, आणि डावाच.

निळ्या फॉर्मवर रक्तगट भरला.
धुळीची अॅलर्जी भरली. पोहता येतं का? थोडं.
सगळ्यात खाली दोन रेघा, इतर माहिती.
सातपूरला दिवसभर मायक्रॉनमध्ये बेअरिंग मोजणारा मी,
मला या दोन रेघांत ते बसवता येईना.
लिहिलं, खोडलं.
सुषमा पदराला हात पुसत म्हणाली,
लिही की. वॉर्डात साठ-साठ वर्षांची माणसं
रात्री माझा हात सोडत नाहीत.
त्यांच्या केसपेपरवर कुठे असतं ते?
म्हणून मी लिहिलं, शाई गिरवून, एका दमात.

समतानं ते वाचलं.
काही बोलली नाही. कंपासपेटी आवरली.
गुरुवारी रात्री भिंतीकडे तोंड करून
तिनं स्वतःचाच कान धरून पाहिला,
आधी डावा, मग उजवा.
पुरतो, म्हणाली.

पहाटे सहाला बस.
दारात बाईंनी फॉर्म उलटून पाहिला,
बरं केलंत, एवढंच म्हणाल्या, पुढचा फॉर्म घेतला.
ती पलीकडच्या खिडकीत बसली,
मी अलीकडे उभा राहून
कुणा दुसऱ्याच्याच मुलाला हात करत राहिलो.
सातला मशीन सुरू. कानात बोळे.

रात्री अकरा. सुषमा ड्युटीवर.
फोन आलेला नाही.
म्हणजे मजेत.
मी उजव्या कुशीवर वळलो,
डावा कान वर ठेवून.