कागद धरतो का

शाहूपुरीतले गुळाचे सौदे उरकले
की मी निघते ती थेट उन्हातच.
गाडी दोन हजार तीनची झेन, एमएच झिरो नाईन,
मागच्या सीटवर नमुन्यांचे डबे
आणि मुंग्या, ज्यांना माझ्याआधी कळतं
कुठल्या ढेपेत काय मिसळलंय.

सांगली रस्त्याला एसी बरा चालायचा.
अतिग्रे येईतो ओढणी गळ्याभोवती घ्यावी लागे.
तावडे हॉटेलच्या सिग्नलला मात्र
तोच एसी तोंडावर नुसता श्वास सोडी,
दुपारी झोपेतून उठवलेल्या माणसासारखा.

ग्यास कमी असंल, असं सगळेच म्हणाले.
एकानं होळीला भरला, एकानं गुढीपाडव्याला,
तिसऱ्यानं तर गाडीचं तोंडही न बघता.
धाकटा भाऊ म्हणाला, वीक आता.
मी विकली नाही. का, ते त्यानं विचारलं नाही,
मीही ठरवलेलं नव्हतं.

उद्यमनगरात, लेथच्या खरखरीला लागून
इलाही शिकलगारचं शेड आहे.
त्यानं पाना उचलला नाही. स्टूल पुढं सरकवलं.
"कधी गार, कधी न्हाई, ते सांगा.
पळताना गार? आनि उभारली की?
एसी लावला की काटा वर चढतोय का, पान्याचा?"
मी उत्तरं देत गेले, आणि लक्षात आलं,
हे सगळं मला माहीत होतं,
फक्त कुणी विचारलं नव्हतं.

मग दोन घड्याळं लावली, निळं नि लाल.
लाल काटा वर, पार टोकाकडं.
"कमी कुटलं ताई, जास्त झालाय ह्यो.
भरून भरून नरड्यापतोर आलाय."

जोत्या बादली घेऊन आला.
जाळीवर पाणी मारलं,
जाळीनं चर्रर केलं, वाफ वर आली
आणि लाल काटा घसरत खाली,
आत, माझ्या मनगटावर
अचानक विहिरीच्या पायऱ्यांवरला गारवा.
अर्धा मिनिट. मग पुन्हा तेच.
"दिसलं?" इलाही म्हणाला. "मशीन खनखनीत हाय.
तिला धाप टाकायला जागा न्हाई."

माझ्या बॅगेतून सौद्याची चिठ्ठी मागितली त्यानं,
चालू गाडीच्या जाळीवर ठेवली, हात काढला.
चिठ्ठी घसरून बंपरवर, तिथून त्याच्या चपलेवर.
"पंखा फिरतोय खरं, वढत न्हाई."
फिरताना दिसतो म्हणून
आजवर कुणी त्याला बोल लावला नव्हता.

रेडिएटर सुटला तेव्हा
दोन जाळ्यांच्या मधे जे निघालं ते जोत्यानं
वर्तमानपत्रावर मांडलं, दुकान थाटल्यासारखं:
उसाचं पाचट, बोटभर लांब,
गुऱ्हाळाची काजळी, गुळाच्या वाफेनं चिकटलेली,
एका फुलपाखराचा दीड पंख,
आणि माती. वडणग्याची, कागलची, कुठली कुठली,
बावीस हंगाम मी जिथं जिथं
चुलवणाशेजारी सावली बघून गाडी लावली तिथली.

माझं काम सगळं त्या कागदावर होतं.
जोत्यानं गुंडाळलं नि ड्रममध्ये टाकलं.

पंख्याचे ब्रश झिजून नखाएवढे.
नवे बसले. जादाचा ग्यास मशीननं ओढून घेतला,
वजन करून हवा तेवढाच परत.
चहा दोनदा आला. लेथवाला मधेच येऊन
आपल्या मेव्हण्याच्या गाडीबद्दल बोलून गेला.

शेवटी तीच चिठ्ठी, चपलेचा डाग पडलेली,
पुन्हा जाळीवर.
इलाहीनं हात काढला.
चिठ्ठी चिकटून बसली, कडा थरथरत,
आत ओढली जात.
"आता धरला बघा," जोत्या ओरडला, जणू पतंग.

पैसे दिले, मापातच होते. निघाले.
तावडे हॉटेल, दुपारचे तीन, लाल दिवा,
शेजारी उसाचा रिकामा ट्रॉली-ट्रॅक्टर धडधडत.
माझ्या बोटांची नखं गार पडली.
काच सवयीनं अर्धी खाली होती,
ती वर घ्यायचं मला सुचलंच नाही.

घरी येऊन किल्ली फिरवली,
पंखा थांबला,
आणि पुढून काहीतरी अलगद फरशीवर पडलं.
वाकून बघितलं:
चार हजार दोनशे दहा, तीस रवे, आजची तारीख.
इलाही काढायला विसरला होता.
अख्खं कोल्हापूर ओलांडून
गाडीनं ती धरून आणली होती.