पोसलथ्वेटबाई ळ शिकतात

बॅरोमध्ये वारा थेट गोदीवरून येतो,
शाळेच्या दाराखालून हात घालतो
आणि मागच्या नाताळच्या पताका हलवून जातो.
मी जेवणघरात. केसांवर जाळी, हातात डाव.
दोनशे अकरा पोरांना कस्टर्ड वाढते
आणि वाढायच्या खिडकीतून
रोज एक बाई बघते.

पोसलथ्वेट. हे आडनाव तोंडात बसायला
मला पहिला अख्खा हिवाळा लागला.
त्या म्हणाल्या, सावकाश,
मलाही सहाव्या वर्षापर्यंत जमत नव्हतं.

एक्केचाळीस वर्षं, त्याच एका वर्गात.
खडू गेला, मार्कर आला, मग भिंतीवर काचेचा पडदा.
त्या अजून बोटाला थुंकी लावून पान उलटतात,
आणि पोरांनी तसंच केलं की रागावतात.

एकदा कुणीतरी विचारलं, गोगलगाईला दात असतात का?
"मला नाही माहीत," म्हणाल्या,
पण अशा आवाजात, की जणू
कुणी पेढ्यांचा पुडा हातात ठेवलाय.
मग सगळा वर्ग पावसात, वाफ्यापाशी उकिडवा,
भिंग, काकडीची चकती,
गणिताचा तास गेला तो गेलाच.
हजारो असतात दात.
चाळिशीत, डाव धुता धुता, मलाही कळलं.

बॉयलर दुरुस्त करायला येतो तो डॅरेन फेल.
आडनाव खरंच फेल.
आमच्या गावच्या शाळेत पोरांनी त्याला जगू दिलं नसतं.
नऊ वर्षांचा होईतो त्याला अक्षर लागत नव्हतं.
बाईंनी गोष्टीची पुस्तकं बाजूला सारली,
भरती-ओहोटीच्या वेळांची चोपडी आणली,
कारण वॉल्नीच्या किनाऱ्यावर
गळाला लावायचे किडे कधी खणायचे,
हे त्याला वाचता यायलाच हवं होतं.
आता टक्कल पडलेला बाप्या,
बाईंच्या वर्गात शिरताना बूट पुसतो. दोनदा.

सगळेच काही हाताला लागले नाहीत.
एका मुलीचं नाव त्या घेत नाहीत.
तिच्या खुंटीवरचं बदकाचं चित्र
इतकी वर्षं कुणाला काढू दिलेलं नाही.

या वर्षी हजेरीला माझ्या शाल्मलीने हात वर केला,
मिस, मुलिक नाही, मुळीक.
वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत.
साडेतीनला वही घेऊन माझ्या खिडकीशी.

ळ काढला, दोन गोल, आडवे.
"हा तर माझा चष्मा!"
काढणं जमलं, जीभ वळेना.
वेळ म्हणायला गेल्या की वेल,
टाळूपर्यंत जाऊन जीभ परत,
पहिल्या दिवशी फाटकातून माघारी फिरणाऱ्या पोरासारखी.
मी सांगत गेले, शाळा, फळा, बाळ,
आणि सांगता सांगता माझ्याच ध्यानात आलं,
यांचा जन्म ज्या शब्दांत गेला
त्यातला एकही यांना म्हणता येत नाही.
बोलून गेले तसं. वाटलं, खट्टू होतील.
तर गोगलगाईच्या दिवशीसारखे डोळे.

शुक्रवारी निरोप. केक, भाषणं, आणि एक घड्याळ,
त्याचं आता काय करणार कुणास ठाऊक.
सगळे गेल्यावर खिडकीशी आल्या.
मी टेबलं पुसत होते.
त्यांनी जीभ मागे नेली, थांबल्या,
आणि एकदम म्हणाल्या, "कललं!"

बाहेर गोदीच्या अवाढव्य शेडमागे
ऊन खरंच कललं होतं.
क्षणभर वाटलं, बरोबर म्हणून टाकावं.
पण खोटी शाबासकी या बाईंना
वासावरून कळते.
"अजून नाही," म्हटलं. "सोमवारी. माझ्या घरी या."
त्यांनी वही उघडली,
बोटाला थुंकी लावून कोरं पान काढलं
आणि वर तारीख घातली.